पाठच्या भावंडाचं नाव



तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या माणसानं बारशाचा विषय का घ्यावा, असं काहींना वाटलं असेल. विषय दिसतो तितका हलका नाही. मराठीत ‘नाव ठेवणं’ आणि ‘नावं ठेवणं’ यांत फक्त एका अनुस्वाराचा फरक आहे. एकवचनात तो संस्कार असतो, अनेकवचनात निंदा. आणि इतिहासात अनेकदा असं झालेलं आहे, की एकाच कृतीत दोन्ही उरकली गेली. ते कसं, हे पुढे येईलच.

फ्रान्समध्ये नोकरीनिमित्त गेलेली आपली मराठी मुलं तिथंच संसार थाटतात. थोरलं मूल इथलं, त्याचं नाव इथलं. दुसरं तिथं जन्माला येणार असतं. मग प्रश्न पडतो: थोरलीचं नाव मीरा आहे, तर धाकटीला असं एखादं फ्रेंच नाव हवं, जे वर्गात दुसऱ्या कुणाचं नसेल आणि मीराच्या शेजारी शोभेल. या एका वाक्यात तीन अटी आहेत. नाव फ्रेंच हवं, दुर्मीळ हवं आणि भावंडाला शोभणारं हवं. हेमलकशाच्या जंगलात बसून हा प्रश्न कशाला, असं कुणी विचारेल. पण ही तिसरी अट, भावंडाला शोभण्याची, ती जितकी लिऑनच्या घरात महत्त्वाची आहे, त्याहून जास्त या भामरागड तालुक्यात आहे. आज मला तेवढंच दाखवायचं आहे.

आधी आपल्या परंपरेकडे बघू. नाव कसं ठेवावं याचं मार्गदर्शन करणारी पुस्तकं हल्ली दुकानात मिळतात. पण दोन हजार वर्षांपूर्वी पतंजलीनं महाभाष्याच्या पहिल्याच आह्निकात याचे नियम सांगितलेत. व्याकरण का शिकायचं, याचं एक कारण म्हणून तो याज्ञिकांचं मत देतो. मुलाचं नाव दहाव्या दिवसानंतर ठेवावं. नावाची सुरुवात घोष वर्णानं, म्हणजे ग, ज, द, ब अशा वर्णानं व्हावी. मध्ये य, र, ल, व यांपैकी अंतःस्थ असावा. अक्षरं दोन किंवा चार असावीत. वरच्या तीन पिढ्यांतल्या पुरुषांशी ते जुळावं आणि शत्रूच्या घरात ते रूढ नसावं. ‘देवदत्त’ घ्या. ‘द’ घोष, मध्ये ‘व’, अक्षरं चार. परीक्षेत पास! मुलींसाठी गृह्यसूत्रांनी वेगळा नियम केला: अक्षरं विषम असावीत.

या सगळ्या नियमांत एक गोष्ट नाही. भावंडं नाहीत. नियम वर बघतो, बापाकडे, आजोबाकडे, पणजोबाकडे. शेजारी बघत नाही. नावाला एक उभा धागा असतो, पूर्वजांचा. आणि एक आडवा असतो, भावंडांचा. शास्त्रानं उभा धागा सांभाळला. आडवा धागा सांभाळला तो घरांनी.

आडव्या धाग्याचं महाराष्ट्रातलं सर्वांत मोठं उदाहरण तुमच्या ओठावर आलंच असेल. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. परंपरेनं यांचे जन्म १२७३ ते १२७९ या सहा वर्षांतले मानले जातात. चार नावं ओळीनं वाचली की एक वाक्य तयार होतं. आधी निवृत्ती, मग ज्ञान, मग जिना, आणि शेवटी मुक्तता. तत्त्वज्ञानाच्या माणसाला हा क्रम इतका नेटका वाटतो, की वाद घालायचीही इच्छा होत नाही. पण मी तुमचं लक्ष वेगळ्या गोष्टीकडे वेधतो. विठ्ठलपंत संन्यास घेऊन काशीला गेले आणि गुरूच्या सांगण्यावरून परत संसारात आले, ही कथा आपल्याला माहीत आहे. ज्याला निवृत्ती सोडून घरी यावं लागलं, त्याच्या थोरल्या मुलाचं नाव निवृत्ती आहे. गाव या पोरांना काय म्हणायचं? ‘संन्याशाची पोरं’. म्हणजे गावानं चौघांना मिळून एक नाव ठेवलं होतं, निंदेचं. घरात चौघांना चार नावं होती आणि ती एकमेकांना धरून होती. गावाच्या एका नावाला घरानं दिलेलं हे चार नावांचं उत्तर होतं. भावंडाला शोभणारं नाव म्हणजे काय, याची पहिली व्याख्या मला इथं मिळते: बाहेरचं जग वेगळं काही म्हणत असताना, ‘आपण एकमेकांचे आहोत’ असं सांगणारं नाव.

पण धागा आडवा असला म्हणजे तो चांगलाच असतो असं नाही. आधीची मुलं जगली नाहीत, की पुढच्याचं नाव दगडू, धोंडू, केरबा, उकिरडा असं ठेवायची रीत आपल्याकडे होती. मृत्यूची नजर पडू नये, त्यानं ‘हा काय दगडच आहे’ म्हणून पुढे जावं, ही त्यामागची समजूत. हे नावही भावंडाकडे बघूनच ठेवलेलं असतं, फक्त ते भावंड आता नसतं. त्यात भीती आहे, पण मायाही आहे.

‘नकोशी’मध्ये मात्र माया नाही. दोन-तीन मुलींच्या पाठीवर आणखी एक मुलगी झाली, की तिला नकुसा किंवा नकोशी म्हणायचं. २०११च्या ऑक्टोबरात सातारा जिल्ह्यात प्रशासनानं अशा मुलींचा शोध घेऊन त्यांचं नव्यानं नामकरण केलं. एका जिल्ह्यात या नावाच्या २८५ मुली होत्या. मुलींनी स्वतः पसंत केलेली नवी नावं घेतली. मघाशी मी म्हटलं, की नाव ठेवणं आणि नावं ठेवणं कधीकधी एकाच कृतीत उरकतात. ते हे. नकोशी हे नावसुद्धा ‘भावंडांशी जुळणारं’च आहे. ते सांगतं, की तुझ्या आधी तीन बहिणी आहेत आणि हिशेब चुकला आहे. तेव्हा शोभणं म्हणजे नुसतं जुळणं नव्हे, हे इथं नोंदवून ठेवू आणि फ्रान्सकडे जाऊ.

फ्रान्समध्ये नावाचा मालक बराच काळ सरकार होतं. क्रांतीच्या काळात लोकांनी मुलांना भाज्यांची, सद्गुणांची, नव्या दिनदर्शिकेतली नावं दिली. मग नेपोलियन प्रथम कॉन्सल असताना १ एप्रिल १८०३ला कायदा झाला. जन्मनोंदीत दोनच प्रकारची नावं चालतील: निरनिराळ्या दिनदर्शिकांमध्ये असलेली, म्हणजे बहुतेक संतांची, आणि प्राचीन इतिहासातल्या प्रसिद्ध व्यक्तींची. हा कायदा थोड्याफार सैलपणानं १९९३पर्यंत टिकला. म्हणून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समध्ये जिकडे तिकडे मारी आणि ज्याँ. घरात तीन मुली असल्या तर मारी-क्लोद, मारी-फ्रान्स, मारी-लुईझ. भावंडांची नावं जुळवण्याचा हा सरकारमान्य मार्ग.

याचा चटका बसला तो पश्चिमेच्या ब्रिटनी प्रांताला. तिथली ब्रेतॉन भाषा वेगळी, नावं वेगळी. ल गोआर्निक नावाचं एक कुटुंब होतं. त्यांनी मुलांना ब्रेतॉन नावं दिली. नोंदणी अधिकाऱ्यांनी त्यांतली काही नाकारली. आईबाप हटले नाहीत आणि कोर्टकज्जे वर्षानुवर्षं चालले. परिणाम असा, की एकाच आईच्या लेकरांपैकी काही कागदावर होती आणि काही नव्हती. जी नव्हती, त्यांना ओळखपत्र नाही, त्यांच्यासाठी कुटुंबाला मिळणारा भत्ता नाही. एकाच ताटात जेवणारी भावंडं, पण सरकारच्या लेखी निम्मी जन्मलेलीच नाहीत! १९६६मध्ये एक सूचना काढून प्रादेशिक आणि पुराणकथांतल्या नावांना थोडी जागा दिली गेली, तिच्यामागे अशा घरांचा रेटा होता.

८ जानेवारी १९९३च्या कायद्यानं निवड आईबापांच्या हाती दिली. नोंदणी अधिकारी आता नाव नाकारू शकत नाही. नाव मुलाच्या हिताविरुद्ध आहे असं वाटलं, तर त्यानं सरकारी वकिलाला कळवायचं आणि निकाल न्यायाधीशानं द्यायचा. काही वर्षांपूर्वी व्हालेंसिएनच्या न्यायालयात एका मुलीचं ‘न्युटेला’ हे नाव गेलं. चॉकलेटच्या लेपाचं नाव मुलीला नको, म्हणून ते ‘एला’ झालं. त्याच न्यायालयात दुसऱ्या एका मुलीचं ‘फ्रेझ’, म्हणजे स्ट्रॉबेरी, हे नाव अडलं. आईबापांनी मग ‘फ्रेझीन’ हे जुनं, एकोणिसाव्या शतकात वापरात असलेलं नाव ठेवलं. दुर्मीळ नाव हवं असेल तर ते नव्यानं बनवावंच लागतं असं नाही. पणजीच्या पिढीत ते पडून असतं, हा यातला धडा.

दुर्मीळ म्हणजे किती, हेही फ्रेंच लोकांनी मोजून ठेवलंय. त्यांची सांख्यिकी संस्था १९०० पासूनची नावं प्रसिद्ध करते. जे नाव वर्षभरात तीनपेक्षा कमी मुलांना मिळालं, ते ‘दुर्मीळ नावं’ अशा एका गठ्ठ्यात जातं. आणि मोकळीक मिळाली की सगळे वेगळे होतात असं समजू नका. १९९१मध्ये फ्रान्समध्ये मुलग्यांचं सर्वांत लोकप्रिय नाव होतं केव्हिन. वेगळं नाव हवं असणाऱ्या हजारो आईबापांना एकाच वर्षी एकच नाव वेगळं वाटलं!

आता आपल्या मीराच्या धाकट्या बहिणीकडे येऊ. फ्रेंच घरात भावंडांच्या नावांचा मेळ तीन गोष्टींवर बघतात. नावं एका काळातली वाटावीत. लांबी फार विषम नसावी. आणि शेवटचा ध्वनी इतका सारखा नसावा, की अंगणातून हाक मारली तर दोघी धावत येतील. यात कमी ऐकू येणारी पण अस्सल फ्रेंच नावं पुष्कळ आहेत. अपोलिन, हिच्या मुळाशी संत अपोलोनिया, दातदुखीवर जिची प्रार्थना करतात ती. सिदोनी, म्हणजे आजच्या लेबनॉनमधल्या सिदोन शहराची. ब्लाँदीन, ही लिऑनमध्ये इसवी सन १७७मध्ये मारली गेलेली एक गुलाम मुलगी. ख्रिस्ती लोक तिला संत मानतात. लेओंतीन, सिंहावरून आलेलं. इझोर, तुलूझच्या एका दंतकथेतलं. यांतलं मीराला कोणतं शोभेल? माझी कसोटी साधी आहे. वर्ध्याची आजी फोनवर ते नाव घेऊ शकते का? इझोरमधला ‘झ’ तिच्या तोंडी ‘ज’ होणार. ब्लाँदीनला ती दोनदा थांबणार. सिदोनीची मात्र पहिल्याच दिवशी ‘सिदू’ होईल. आणि मीरा तीन वर्षांची असेल तर तीही ‘सिदू’च म्हणेल. बास. नाव बसलं.

असं दोन भाषांवर बसलेलं घर आपल्या मुंबईनं शंभर वर्षांपूर्वीच पाहिलंय. रतनजी दादाभाई टाटा यांनी सुझान ब्रिएर या फ्रेंच तरुणीशी लग्न केलं. तिनं पारशी धर्म स्वीकारला आणि ती ‘सुनी’ झाली. मुलं पाच: सिला, जहांगीर, रोदाबेह, दराब आणि जमशेद. जहांगीर म्हणजे आपले जे. आर. डी., जन्म पॅरिस, २९ जुलै १९०४. बोलण्याची पहिली भाषा फ्रेंच. आईचं नाव फ्रेंच, गाव फ्रेंच, भाषा फ्रेंच, पण मुलांची नावं मात्र फिरदौसीच्या शाहनाम्याच्या जगातली. रोदाबेह ही रुस्तुमची आई, दराब आणि जमशेद हे राजे. सिलाचं नाव असं, की पॅरिसच्या दिवाणखान्यातही अडत नाही आणि मुंबईच्या पारशी घरातही. पाच नावं शेजारी ठेवली की घर कोणतं ते कळतं. आणि रोजच्या हाकेला जहांगीरचा ‘जे’ झाला, जमशेदचा ‘जिमी’. लांब नाव इतिहासाचं, आखूड नाव भावंडांचं.

इथं एक प्रश्न उभा राहतो. मराठी घरात भावंडांची नावं जुळवण्याची इतकी धडपड का दिसत नाही? मला वाटतं, आपल्या नावाची बांधणीच वेगळी आहे. स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. भावंडांचं नातं मधल्या नावात आयतंच बसलेलं असतं, म्हणून पहिलं नाव मोकळं राहतं. फ्रेंच नावात बापाचं नाव नसतं, त्यामुळे जुळवाजुळवीचं सगळं ओझं पहिल्या नावावर पडतं. आणि आपली ही बांधणीसुद्धा बदलते आहे. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी नोंदीत महाराष्ट्रात मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव असा क्रम आला. म्हणजे भावंडांना जोडणारे आता दोन दुवे झाले. सातशे वर्षं मागे जाऊन बघा: निवृत्ती, ज्ञानदेवांची आई रुक्मिणी. तिचं नाव आपल्याला कथेतून कळतं, मुलांच्या नावातून नाही.

आता या जागेकडे येतो. १९७३च्या डिसेंबरात डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे हेमलकशात आले. बाबा आमट्यांच्या दोन मुलांची नावं विकास आणि प्रकाश. जन्म १९४७ आणि १९४८चे. देश स्वतंत्र होत होता, आणि ही दोन्ही नावं देवाची नाहीत, पूर्वजांचीही नाहीत. दोन्ही पुढे बघतात. पुढच्या पिढीत इथं, या जंगलात, दिगंत आणि अनिकेत. दिगंत म्हणजे दिशांचा शेवट. अनिकेत म्हणजे ज्याला स्वतःचं घर नाही तो. गीतेच्या बाराव्या अध्यायात हा शब्द भक्ताचं वर्णन म्हणून येतो. चार नावं वाचा. त्या घरानं काय ठरवलं होतं, ते वेगळं सांगावं लागत नाही.

पण या मातीचं खरं नामशास्त्र माडियांचं आहे. माडिया आणि गोंड समाजात आडनावावरून कुळाचे देव किती हे कळतं: चार, पाच, सहा, सात. देवांची संख्या सारखी असेल, तर ते सगळे एकमेकांचे भाऊबंद. त्यांच्यात लग्न होत नाही. म्हणजे इथं भावंडपण आडनावातच भरलेलं आहे, आणि तेही एका घरापुरतं नाही, अख्ख्या जंगलाला पुरेल इतकं. म्हणून पहिलं नाव साधं असलं तरी चालतं. सोमवारी जन्मला तो सोमा, बुधवारी बुधू, शुक्रवारी सुकरू.

मग १९७६मध्ये इथं शाळा आली, आसपासच्या गावांत सरकारी शाळा आल्या, आणि शाळेबरोबर रजिस्टर आलं. रजिस्टर देवनागरीत असतं. नाव माडिया तोंडातून निघतं आणि मराठी कानातून कागदावर उतरतं. जन्मतारीख माहीत नसली की १ जून. आपल्या ग्रामीण महाराष्ट्रात अख्ख्या वर्गाचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याचं गुपित हेच. तारखेनं फारसं बिघडत नाही. नावानं बिघडतं. समजा, थोरल्याचं नाव घालताना एका शिक्षकानं आडनाव मट्टामी लिहिलं. चार वर्षांनी दुसऱ्या शिक्षकानं पाठच्या बहिणीचं मत्तामी लिहिलं. कुणाचा हेतू वाईट नाही. पण पुढे बारावीनंतर बहीण जात पडताळणीला उभी राहते. तिथं रक्तनात्यातल्या माणसाचं वैधता प्रमाणपत्र मोठा पुरावा असतो. भावाचं प्रमाणपत्र घरात आहे. पण कागद विचारतो, हा तुझा भाऊ कशावरून?

मंडळी, भावंडाच्या नावाला शोभणारं नाव ही हौसेची गोष्ट आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी या मुलीकडे बघावं. तिच्यासाठी ती नर्सिंगची किंवा डॉक्टरकीची जागा आहे. ब्रिटनीत सरकारनं नाव नाकारून भावंडं तोडली. इथं नाव स्वीकारताना, एका ‘ट’च्या जागी ‘त’ लिहून ती तुटतात. अलीकडे फ्रान्समध्ये ‘फान्श’ या ब्रेतॉन नावातल्या ‘न’वरच्या एका नागमोडी चिन्हासाठी आईबाप कोर्टात गेले. २०१७मध्ये खालच्या न्यायालयानं चिन्ह नाकारलं, २०१८मध्ये वरच्या न्यायालयानं ते मान्य केलं. एका चिन्हासाठी इतकं भांडायचं? हो. चिन्ह गेलं की उच्चार जातो, आणि उच्चार गेला की आईनं मारलेली हाक कागदावर राहत नाही.

म्हणून काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९चा. नावाशिवाय जन्म नोंदवता येतो, आणि नाव पहिल्या बारा महिन्यांत फी न भरता, त्यानंतर फी भरून पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं. तेव्हा घाईनं, नर्सच्या सोयीचं नाव लिहून देऊ नका. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मणाऱ्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून आधारपर्यंत जन्मदाखला हाच जन्माच्या तारखेचा आणि जागेचा पुरावा झाला आहे, म्हणून तो एकदाच पण नीट करा. पाठच्या भावंडाची नोंद करायला जाताना थोरल्याचा दाखला हातात घेऊन जा आणि अक्षरान् अक्षर ताडून बघा. शिक्षक मित्रहो, तुम्हाला एवढंच सांगणं आहे: नाव लिहिण्याआधी आईला ते मोठ्यानं म्हणायला सांगा, आणि थोरलं भावंड शाळेत असेल तर त्याचं पान उघडा.

शेवटी माझ्या विषयाचं थोडं. आपल्या व्याकरणपरंपरेत ‘यदृच्छाशब्द’ म्हणून एक वर्ग आहे. ज्याला अर्थ नाही, जो ठेवणाऱ्याच्या मर्जीनं ठेवला गेला, असा शब्द. त्याची ठरलेली उदाहरणं म्हणजे डित्थ आणि डवित्थ. इंग्लंडमध्ये जॉन स्टुअर्ट मिलनंही १८४३मध्ये असंच काहीसं मांडलं: विशेषनाम नुसतं बोट दाखवतं, गुण सांगत नाही. तर्काला ते ठीक आहे. पण गंमत बघा, अर्थ नसलेल्या नावांची उदाहरणं देतानाही परंपरेनं जोडी दिली, आणि ती कानाला भावंडांसारखीच लागते. अर्थ काढून घेतला तरी नातं उरलं!

नाव हे आधी हाकेसाठी असतं. आणि मुलाच्या आयुष्यात सर्वांत जास्त वर्षं ती हाक कोण मारणार? आईबाप नाहीत, ते आधी जातात. भावंडं मारणार. तेव्हा नाव फ्रेंच असो, माडिया असो, मराठी असो, ते दुर्मीळ आहे की नाही हा दुसरा प्रश्न. थोरल्याला ते तोंडभरून घेता येतं का, आणि कागदावर ते थोरल्याच्या शेजारी त्याच घरातलं म्हणून ओळखू येतं का, हा पहिला.